पेटीत किती आंबे

ती आमच्या कॉलेजात आली तेव्हा पहिले दोन महिने मी तिला बिचारी म्हणत होते. सांगलीकडची मुलगी, वय एकोणतीस, तासिका तत्त्वावर नेमलेली, म्हणजे जेवढे तास शिकवेल तेवढ्यांचंच मानधन. मासे खायची नाही. रत्नागिरीत येऊन मासे न खाणाऱ्या माणसाची मला खरोखरच दया येते. मी तिला डब्यातली सोलकढी द्यायचे, भाड्याची खोली कुठल्या आळीत बघावी ते सांगायचे, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. ज्याच्यापासून आपल्याला काही धोका नाही त्याच्याशी चांगलं वागायला काही कष्ट पडत नाहीत.

मग एक दिवस विभागात चहा पिताना ती म्हणाली की तिलाही निर्यातीवरच काम करायचं आहे. माझा चहा तिथेच कडू झाला.

निर्यात हा माझा विषय होता. विभागात माझा, कॉलेजात माझा, आणि मी तर म्हणेन अख्ख्या जिल्ह्यात माझा. नऊ वर्षं मी त्यावर पीएचडी करत होते. विषयाचं नाव ऐकायला जड आहे, आत गोष्ट साधी आहे. आपला हापूस दुबईला जातो, लंडनला जातो. इथे भाव वाढला तर तिथे किती हात मागे जातात? आणि तिथल्या माणसाचा पगार वाढला तर किती हात पुढे येतात? पहिलीला किमतीची लवचिकता म्हणतात, दुसरीला उत्पन्नाची. पंधरा-वीस वर्षांचे आकडे घ्यायचे, गेलेला माल एका बाजूला, भाव आणि तिथल्या लोकांची मिळकत दुसऱ्या बाजूला, आणि त्यातून एकेकाचा वाटा निराळा काढायचा. सगळी मेख त्या निराळं काढण्यात आहे, कारण भाव, पगार, विमानाचं भाडं, हवामान, सगळं एकाच वेळी हलत असतं.

सरकारी आकड्यांत देशभरातले आंबे एकत्र असतात. त्यातून आमचा हापूस वेगळा काढणं म्हणजे आमटीतलं मीठ वेगळं काढणं. पण माझ्याकडे अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. हातखंब्याच्या अलीकडे एक पॅकिंग शेड होती, परदेशी जाणारा माल तिथे भरला जायचा, आणि अण्णा तिथे तीस वर्षं मुकादम होते. कुठल्या दिवशी कुठे किती पेट्या गेल्या आणि डझनाला काय भावाने, हे ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचे. मालकाने सांगितलं म्हणून नव्हे, सवय म्हणून. दहाएक वर्षांपूर्वी शेड बंद झाली आणि वह्या घरी आल्या. अशा वह्या दुसऱ्या कुणाकडे नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि मला त्याचा भारी गर्व होता.

रविवारी मी गावी जायचे. अण्णा ओटीवर बसून वाचायचे, मी लॅपटॉपवर टाकायचे. एप्रिल, दुबई, पेट्या एवढ्या, भाव एवढा. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, त्यामुळे मी वहीत कधी डोकावलेच नाही. त्यांनी वाचायचं, मी लिहायचं, मध्ये चहा, आणि पाचच्या एसटीने मी परत. दोन वर्षं अशी गेली.

उत्तर असं आलं की भावाचा काही परिणामच होत नाही. भाव चढो की पडो, जाणाऱ्या पेट्या जवळजवळ तेवढ्याच. आकडा शून्याला चिकटून बसलेला. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला आनंद झाला. मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं की परदेशात हापूस खाणारा हा घर सोडून गेलेला माणूस आहे, तो आंबा घेत नाही, घर घेतो, आणि घराशी कुणी घासाघीस करत नाही. माझ्या मार्गदर्शकांना हे वाक्य फार आवडलं. अण्णांना तर इतकं, की ते वाडीत येईल-जाईल त्याला सांगायचे, आपल्या आंब्याला तिकडे कोण भाव विचारत नाही, माझ्या लेकीने सिद्ध केलंन.

अशा वेळी मीच त्या मुलीला गावी घेऊन गेले. मिरवायला, दुसरं काय! माझे वडील, माझ्या वह्या, माझं काम. तिने अण्णांना वाकून नमस्कार केला, वही हातात घेतली, दोन पानं उलटली आणि विचारलं, "काका, एका पेटीत किती आंबे असतात?"

मी खो खो हसले. अण्णाही हसले. रत्नागिरीत हा प्रश्न म्हणजे समुद्राला पाणी किती असं विचारणं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा हातवारे करून सांगितला, द्राक्षांच्या मुलखातली आमची नवीन मॅडम पेटीत किती आंबे विचारते म्हणून. सगळे हसले. तीही हसली, तेव्हा मला वाटलं, बरी आहे, मनाला लावून घेत नाही. अण्णांनी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं, नुसतं पुढच्या रविवारी ये म्हणाले होते, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवसांत कॉलेजच्या मूल्यांकनाची कागदपत्रं माझ्या गळ्यात पडली होती. माझे रविवार फायलींत जायचे. ती मात्र एसटीने एकटी गावी जायला लागली. मला आधी बरंच वाटलं, म्हातारा माणूस, तेवढीच सोबत. मग एका सोमवारी तिच्या डब्यात कापा फणसाचे गरे दिसले. आमच्या परड्यातल्या फणसाचे. त्या वर्षी तो फणस पिकला हे मला कळवलेलं नव्हतं.

मग ती मला गोष्टी सांगायला लागली. एका हंगामात विमानं अडकली आणि भरलेला माल दोन दिवस मुंबईत उन्हात राहिला, तेव्हा अण्णा टेम्पोत बसून स्वतः मुंबईला गेले, एकेक पेटी उघडून पिकलेला आंबा बाजूला काढला, आणि त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा रडले. ही गोष्ट मला पन्नासाव्या वर्षी कळली, आणि तीही सांगलीच्या मुलीच्या तोंडून. मी म्हटलं, हो हो, माहितेय. खोटं बोलले. काकाचे अण्णा झाले होते, आणि अण्णा तिला बाय म्हणत होते. बाय ते मला म्हणतात. आमच्या घरात बाय एकटी मीच होते.

त्या पावसाळ्यात माझा जो जळफळाट झाला तो मी कुणाला सांगितला नाही, पण लपवलाही फारसा नाही. तिचा तास रिकामा असला की मी तिला पर्यवेक्षणाला पाठवायचे. तिच्या वर्गाची हजेरी जास्त असायची, तर मी म्हणायचे, नव्याचे नऊ दिवस. ती संगणकावर जे गणित पाच मिनिटांत करायची त्याला मला दोन दिवस लागायचे, तेव्हा मी म्हणायचे, आमच्या वेळी डोक्याने करायचे. सगळ्यांत वाईट म्हणजे ती चांगली होती. मी चष्मा विसरले की शोधून आणून द्यायची. एखादी आगाऊ, मिजासखोर असती तर माझं काम किती सोपं झालं असतं.

फेब्रुवारीत एका दुपारी विभागात आम्ही दोघीच असताना तिने दार लोटून घेतलं आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "मॅडम, रागावू नका. पेटी लहान होत गेलीय."

अण्णांच्या वहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी, अगदी कोपऱ्यात, एक बारीक आकडा होता. तो डझनांचा. सुरुवातीच्या वर्षांत लाकडी पेटी, पाच-सहा डझनांची. मग चार. मग पुठ्ठ्याचे खोके आले, दोन डझनांचे, पुढे एकाच डझनाचे. शेडमध्ये त्या सगळ्यालाच पेटी म्हणायचे. आणि ही पेटी आपोआप लहान होत नव्हती. आंबा महागला की त्या महिन्यात लहान पेटी भरायची, म्हणजे पेटीचा भाव ऐकून तिकडचं गिऱ्हाईक बिचकत नाही. उतरला की पुन्हा मोठी. पेट्या मोजल्या तर जवळजवळ तेवढ्याच. आंबे मोजले तर भाव वाढेल तसे धडाधड कमी. तिकडचा माणूस भाव चांगला खडसावून विचारत होता, आम्ही त्याच्या हातात लहान खोका देऊन मोकळे झालो होतो.

ही चूक दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईने केली नसती. लहानपणी मे महिन्यात मी त्याच शेडमध्ये पेट्यांत पेंढा भरलेला आहे. कॉलेजात असताना पुठ्ठ्याचे खोके दुमडलेले आहेत. पेटी माझ्या डोळ्यांदेखत लहान झाली होती, आणि तरी मला पेटी म्हणजे पेटी. तिला ठाऊक नव्हतं म्हणून तिने विचारलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं नऊ वर्षं मी लंडन-दुबईतल्या माणसाचं मन शोधत होते, आणि उत्तर अण्णांच्या वहीच्या कोपऱ्यात होतं.

उत्पन्नाचा भाग मात्र टिकला होता. तिकडचे पगार वाढले की इकडची मागणी वाढते, हे पेट्या मोजल्या तरी आंबे मोजले तरी जवळजवळ सारखंच येत होतं. ते तिने मुद्दाम आधी सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. मग म्हणाली, "काम मुळात तुमचं आहे. तुम्ही आधी दुरुस्त करा. माझा शोधनिबंध मी त्याच्यानंतरच पाठवीन."

प्रबंध मार्चअखेर द्यायचा होता. मुदतवाढी सगळ्या संपलेल्या. सगळं नव्याने करायचं तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष कुणी दिलं नसतं. हे सगळं खरं आहे आणि हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण मार्गदर्शकांकडे जाऊन हात जोडले असते तर काही वाट निघाली असती. मी गेले नाही, कारण गेले असते तर चूक कुणी काढली तेही सांगावं लागलं असतं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिचे आभार मानावे लागले असते. माझ्या नऊ वर्षांवर तिचं नाव. त्यापेक्षा मला चुकीचा आकडा परवडत होता.

मी तिला म्हटलं, माझी मौखिक परीक्षा होईपर्यंत थांब. दुरुस्त करते असं मी म्हटलं नाही. तिला ते त्यात ऐकू आलं असावं. तिने मान हलवली.

त्या रविवारी मी गावी गेले आणि अण्णांना विचारलं की डझनांचं मला का सांगितलं नाहीत. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "तिने विचारलंन. तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला ठाऊक आहे गो." त्यांच्या बोलण्यात दोष नव्हता. मला मात्र पहिले दोनच शब्द ऐकू आले.

प्रबंध मी होता तसा देऊन टाकला. मौखिक व्हायला चौदा महिने लागले. ती थांबली. मधल्या काळात आमच्या विभागातली पूर्णवेळ जागा निघाली. अशा मुलाखतीत छापून आलेल्या निबंधांचे गुण असतात. तिच्याकडे एक निबंध तयार होता, माझ्या शब्दाखातर कपाटात पडलेला. समितीत मी नव्हते, पण बाहेरच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसलेली ती मला दिसली, आणि मी दुसऱ्या जिन्याने खाली उतरले. जागा दुसऱ्याला मिळाली. ती पुन्हा तासांवर शिकवायला लागली. मला एका शब्दाने काही बोलली नाही.

अण्णांना कळलं तेव्हा ते दिवसभर हळहळले. सोन्यासारखी पोर, म्हणत राहिले. अन्याय मी केला होता, आणि तरीही त्या दिवशी माझ्या मनात काय आलं असेल? माझ्यासाठी हा माणूस असा कधी हळहळला का? मला तिच्या नुकसानाचाही हेवा वाटत होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

मौखिक विद्यापीठाच्या उपकेंद्राच्या सभागृहात झाली. खुली परीक्षा, कुणीही येऊन बसावं. अण्णा ब्याऐंशीव्या वर्षी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते घर विकत घेण्याचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, असा निष्कर्ष स्थानिक माणसालाच सुचतो. मी हात जोडून हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत मान खाली घातली.

मग अध्यक्षांनी विचारलं, उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का. मागच्या रांगेत एक हात वर झाला. तिचा.

पेटीत किती आंबे, एवढंच तिने विचारायचं होतं. तीन शब्द. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं असतं, मी अडखळले असते, आणि पाच मिनिटांत सगळा प्रबंध जमीनदोस्त. तिला तो हक्क होता. मी तिची जागा घालवली होती. मला खात्री होती की ती विचारणार, आणि त्या क्षणी मला थोडं हायसंसुद्धा वाटलं की चला, निदान ती माझ्यासारखीच आहे.

तिने उत्पन्नाबद्दल विचारलं. आखातातली मिळकत घटली त्या वर्षांत आपली निर्यात लगेच उतरली, की एका हंगामानंतर? हे प्रकरण मी फार मन लावून केलं होतं, आणि ते बरोबर होतं. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. मी दहा मिनिटं बोलले. फळ्यावर आकृती काढली. पगार कापला तरी माणूस पहिल्या वर्षी सवयीने आंबा घेतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो, हे मी असं समजावलं की परीक्षक लिहून घ्यायला लागले. टाळ्या वाजल्या. तिने पण वाजवल्या. मग पेढे आले, आणि मी डॉक्टर झाले. गर्दीत मी तिला शोधलं तर ती अण्णांना वाकून नमस्कार करून निघून गेली होती. तिचा चारचा तास होता.

अण्णांना गावी सोडायला मी गाडी काढली. हातखंब्यापर्यंत मी एकटीच बोलत होते, परीक्षक किती खूश झाले, कॉलेजात सत्कार ठेवणार आहेत, वगैरे. नाक्यावर वाहनं अडली होती. तेव्हा त्यांनी हातातला पेढ्यांचा पुडा डॅशबोर्डवर ठेवला.

"तिने तुला सोडलंन," ते म्हणाले. "तिच्या जागी तू असतीस, तर तू सोडलं नसतंस गो."

मी हो म्हटलं. खरं होतं, दुसरं काय म्हणणार? मागच्या गाडीने हॉर्न वाजवला आणि मी गाडी पुढे घेतली. बावन्न वर्षांत त्यांनी मला इतकं नीट ओळखल्याचं कधी दाखवलं नव्हतं.

घरी पोचल्यावर मी त्यांच्यासमोरच तिला फोन लावला. सांगायचं असं ठरवून, अण्णांनाही तसं बोलून लावला की निबंध आजच पाठव, चूक माझी आहे हे मी विद्यापीठाला लिहून देते. तिने फोन उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, अभिनंदन डॉक्टर मॅडम. डॉक्टर हा शब्द मला त्या दिवशी पुष्कळांनी ऐकवला होता, पण तिच्या तोंडून तो ऐकताना मला इतकं गोड वाटलं की मी थँक्यू म्हटलं, तिच्या प्रश्नाबद्दल आभार मानले आणि फोन ठेवून दिला.

अण्णा समोर बसले होते. "सांगितलंस?"

मी नाही म्हटलं.

ते उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. ती त्या जूनमध्ये सांगलीला परत गेली, तिकडच्या एका कॉलेजात लागली, निबंध छापला की नाही ते मला ठाऊक नाही. मी शोधायला घाबरते. म्हणून आता इथे लिहिते. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण चुकीचं आहे. भाव वाढला की परदेशातला आपला माणूसही आंबे कमी घेतो, बरेच कमी. हे तिने शोधलं, मला ते फेब्रुवारीतच कळलं होतं, आणि मी तिला थांबवलं.